ऑटोक्रॉसच्या गाडीला कोणत्या साइजचे टायर घालावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मिशिगनमध्ये राहतो आणि एप्रिल ते ऑक्टोबर जमेल तितके रविवार १९९१ सालच्या माझदा मियाटा या दोन सीटच्या हलक्या गाडीतून शंकूंमधून वळसे घेत घालवतो. डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांच्या धंद्यात मराठी माणसं बरीच आहेत, त्यामुळे गणपतीला कुणाकडे गेलं की आरतीनंतर हा विषय हमखास निघतो. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

ऑटोक्रॉस म्हणजे मातीतली शर्यत ना?

भारतात, हो. आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हटलं की मोकळं माळरान आणि धुरळा डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत तोच शब्द वेगळ्या खेळासाठी वापरतात. मोठं पार्किंग किंवा विमानतळाची जुनी धावपट्टी घ्यायची, नारिंगी शंकू मांडून वाट आखायची आणि एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध सोडायची. एक फेरी साधारण पाऊण ते एक मिनिटाची. शंकू पाडला की दोन सेकंद वाढतात. हा खेळ मुख्यतः स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए, ‘सोलो’ या नावाने चालवतो. त्यांची राष्ट्रीय स्पर्धा २००९ पासून नेब्रास्कातल्या लिंकन गावी, जुन्या विमानतळाच्या काँक्रीटवर होते. खालची उत्तरं या डांबर-काँक्रीटवरच्या खेळापुरती आहेत. मातीबद्दल शेवटी थोडं लिहिलंय.

पहिल्यांदाच उतरतोय. कोणत्या साइजचे टायर घेऊ?

कुठलेच घेऊ नका. गाडीला आहेत तेच ठेवा, हवा नीट भरा आणि या. पहिल्या वर्षी तुम्ही आणि गटातला चांगला ड्रायव्हर यांच्यात तीन-चार सेकंदांचं अंतर असेल. त्यातलं टायरच्या साइजमुळे किती? माझ्या अंदाजाने पाव सेकंदसुद्धा नाही. शिवाय साधे टायर घसरायच्या आधी किंचाळून सांगतात, चिकट टायर गप्प राहतात आणि मग एकदम सोडतात. शिकताना किंचाळणारा टायर बरा.

बरं, एक वर्ष झालं. आता सुरुवात कुठून करू?

एससीसीएच्या नियमपुस्तिकेपासून. गाड्या वेगवेगळ्या गटांत धावतात आणि टायर-रिमची मर्यादा गटावर ठरते. लोक उलट करतात. आधी सवलतीत टायर घेतात, मग त्याला बसेल असं रिम शोधतात आणि शेवटी कळतं की गाडी भलत्याच गटात गेली, जिथे बाकीच्यांकडे दुप्पट ताकद आहे.

स्ट्रीट गटात रिमची रुंदी कंपनीने दिली तेवढीच ठेवावी लागते, व्यास मात्र एक इंच वर-खाली चालतो. माझ्या मियाटाला मूळचं रिम १४ इंची आणि साडेपाच इंच रुंद. त्यामुळे त्या गटात १३, १४ किंवा १५ इंची चालेल, पण रुंदी साडेपाचच. एवढ्या अरुंद रिमवर रुंद टायरची स्वप्नं बघण्यात अर्थ नाही.

मी एसटीएसमध्ये, म्हणजे स्ट्रीट टुरिंगच्या एका खालच्या गटात धावतो. तिथे टायर जास्तीत जास्त २२५ मिलीमीटरचा, रिम जास्तीत जास्त साडेसात इंच रुंद. दोन्हीकडे टायरचा ट्रेडवेअर आकडा, म्हणजे टायर किती टिकेल ते सांगणारा आकडा, किमान २०० लागतो. गट आणि मर्यादा दर वर्षी थोड्याफार हलतात, तेव्हा चालू वर्षाची पुस्तिका उघडा, मित्राच्या आठवणीवर जाऊ नका. मित्र मी असलो तरी.

क्रम असा ठेवा: आधी गट, मग रिम, मग त्या रिमवर बसणारे चांगल्या रबराचे टायर बाजारात कोणत्या साइजमध्ये मिळतात ते, आणि मग त्यातून निवड. तिसऱ्या पायरीवरच बहुतेक पर्याय गळतात. १४ इंचात आज चिकट टायर शोधायला गेलात तर हाताची बोटं पुरतील. म्हणूनच जुन्या मियाटा आणि सिव्हिकवाले सगळे १५ इंचावर दिसतात. १५ इंच वेगवान आहे असं नाही, दुकानात १५ इंच मिळतं.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे?

२०५/५० आर १५ घ्या. २०५ ही टायरची फुगीर भागातली रुंदी, मिलीमीटरमध्ये. ५० म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची, पण मिलीमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत, म्हणजे १०२.५ मिलीमीटर. १५ हे रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलीमीटर, टक्के आणि इंच घालणाऱ्याला साष्टांग नमस्कार.

एकूण व्यास काढायला साइडवॉल दोनदा धरायची आणि रिम मिळवायचं: २०५ अधिक ३८१, म्हणजे ५८६ मिलीमीटर. याच हिशोबाने २२५/४५ आर १५ येतो ५८३.५, १९५/५० आर १५ येतो ५७६, आणि गाडीचा मूळचा १८५/६० आर १४ येतो ५७७.६. हे चार आकडे पुढे लागतील.

रुंद टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर, म्हणजे जास्त पकड. यात विचारण्यासारखं काय आहे?

यात एक गोम आहे. ड्रायव्हरसकट माझी गाडी ढोबळमानाने हजार किलो. एका चाकावर अडीचशे. टायरमध्ये ३० पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.१ किलो. भागाकार करा: रस्त्याला टेकलेला तुकडा साधारण १२० चौरस सेंटीमीटरचा. टायरच्या कडकपणाने यात थोडा फरक पडतो, पण मुद्दा असा की या हिशोबात टायरची रुंदी कुठे आलीच नाही. हवा तीच ठेवली तर रुंद टायरचा तुकडा मोठा होत नाही, त्याचा आकार बदलतो. नक्षी, म्हणजे टायरचा रस्त्याला टेकणारा पट्टा, १९ सेंटीमीटर रुंद असेल तर तुकडा ६.३ सेंटीमीटर लांब, २१ असेल तर ५.७. तळव्याएवढी जागा, फक्त आडवी पसरलेली.

मग रुंद टायर वेगवान का ठरतो? कारण वळणात तो आडवा, आखूड तुकडा जास्त कामाचा असतो. रबराचा प्रत्येक ठिपका पुढून रस्त्याला टेकतो आणि मागे जाता जाता बाजूला ताणला जातो. तुकडा लांब असेल तर मागचा भाग आधी ताण सोडून घसरायला लागतो, तेव्हा पुढचा अजून नीट ताणलेलाही नसतो. आखूड तुकड्यात काम जास्त सारखं वाटलं जातं आणि स्टिअरिंगला उत्तर लगेच मिळतं. दुसरं, तापायला जास्त रबर असतं. तिसरं, रुंद टायर थोड्या कमी हवेवर चालवता येतो, आणि तेव्हा तुकडा खरोखर मोठा होतो.

पण फेरी पन्नास सेकंदांची आहे हे विसरू नका. हलक्या गाडीखाली फार रुंद टायर तापेपर्यंत तुम्ही शेवटच्या शंकूपाशी आलेले असता. दीड टनाच्या मस्टँगला हा प्रश्न पडत नाही, तिला मावेल तेवढा रुंद घालावा. हजार किलोच्या गाडीने जरा थांबून विचार करावा.

मग २०५/५० की २२५/४५? काय ते एकदा सांगा.

साडेसात इंची रिम, १५ इंची टायर आणि हलकी गाडी असलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. मी दोन्ही एकेक हंगाम वापरले आहेत.

उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर २२५. विशेषतः एका गाडीत दोघे जण आलटून पालटून चालवत असाल तर टायर थंड व्हायला वेळच मिळत नाही, तिथे जास्त रबर कामाला येतं. एप्रिलच्या सकाळी, आठ अंश तापमानात, गुळगुळीत जुन्या डांबरावर २०५. पहिल्या फेरीपासून गाडी हातात असते. २२५ वर पहिल्या दोन फेऱ्या मी नुसता टायर तापवत होतो आणि चारच फेऱ्या मिळणार होत्या.

एकच संच परवडत असेल तर मी २२५ घेईन, पण एका अटीवर: तुम्हाला हवं ते रबर त्या साइजमध्ये मिळत असेल तर. चांगल्या रबराचा २०५ आणि दुय्यम रबराचा २२५ यांत मी डोळे मिटून २०५ उचलीन. वीस मिलीमीटरने जेवढा फरक पडतो त्यापेक्षा जास्त फरक रबराने पडतो, आणि हे न पटून दोन संच फुकट घालवलेला माणूस हे लिहितोय.

साडेसात इंची रिमवर २२५ जरा कोंबल्यासारखा नाही होत?

होतो थोडा. कंपन्या २२५/४५ साठी साधारण सात ते साडेआठ इंच रिम सांगतात, म्हणजे साडेसात नियमात बसतं. पण नियम मोकळे असते तर लोकांनी नऊ इंच घातलं असतं. अरुंद रिमवर रुंद टायरची साइडवॉल बाहेर फुगते, वळणात टायर कडेवर कलंडतो आणि स्टिअरिंग फिरवल्यापासून गाडी वळेपर्यंत एक क्षण रिकामा जातो. उपाय म्हणजे थोडी जास्त हवा, आणि तिथे रुंदीचा थोडा फायदा परत द्यावा लागतो. उलट, माफक रुंदीचा टायर ऐसपैस रिमवर ताणून बसवला की तो चाकूसारखा वळतो. म्हणून रिमची रुंदी जिथे मर्यादित आहे तिथे टायरचा सर्वांत मोठा आकडा घेतलाच पाहिजे असं नाही.

पाहायचं असेल तर शाळेतला खडू घ्या. नक्षीच्या कडेपासून साइडवॉलवर खाली दोन-तीन इंच आडवा फराटा मारा, चारही टायरना. फेरी झाल्यावर खडू कुठपर्यंत पुसला गेलाय ते बघा. बऱ्याच टायरांच्या कडेला एक छोटा त्रिकोण छापलेला असतो. खडू त्याच्या जवळपास पुसला तर ठीक. त्याच्या खूप खाली, अक्षरांपर्यंत गेला असेल तर टायर कडेवर लोळतोय.

उंचीचं काय? पाच-दहा मिलीमीटरने काय बिघडतं?

ऑटोक्रॉस बहुतेक सगळा दुसऱ्या गिअरमध्ये होतो, म्हणून बिघडतं. माझ्या १.६ लिटरच्या मियाटात दुसरा गिअर १.८८८ आणि शेवटचं गुणोत्तर ४.३. सात हजार आरपीएमला २०५/५० वर कागदी वेग येतो ताशी ९५ किलोमीटर, २२५/४५ वर जवळपास तेवढाच, १९५/५० वर साडेत्र्याण्णव. वजनाखाली टायर दबतो, त्यामुळे खरा वेग दोन-तीन किलोमीटर कमीच धरा.

लहान व्यासाचा फायदा म्हणजे प्रत्येक वळणातून बाहेर पडताना चाकांना इंजिनाचा जोर जास्त मिळतो, आणि ११६ अश्वशक्तीच्या गाडीला तो हवाच असतो. गाडी थोडी खालीही बसते. तोटा असा की वाटेत एखादा लांब सरळ पट्टा आला की दुसरा गिअर संपतो. मग तिसरा टाकायचा की इंजिन किंचाळत ठेवायचं? गिअर बदलून पुन्हा खाली आणण्यात जो वेळ जातो तो लहान टायरने कमावलेल्यापेक्षा जास्त. तुमच्या गावची मैदानं लहान असतील तर लहान टायर, विमानतळ असेल तर मोठा.

एक गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. नव्या टायरची नक्षी सहा-सात मिलीमीटर खोल असते. त्यातले पाच झिजले की व्यास दहा मिलीमीटरने घटतो. म्हणजे हंगामाच्या शेवटी तुमचा २०५/५० उंचीने १९५/५० झालेला असतो, पैसे न मोजता.

एकाच साइजचे दोन कंपन्यांचे टायर सारखे असतात ना?

अजिबात नाही. छापलेली रुंदी ठरावीक मापाच्या रिमवर मोजतात आणि त्यातही ढील असते. रस्त्याला टेकणारी नक्षी किती रुंद, कडा चौकोनी की गोल, हे त्या आकड्यात नसतं. एका कंपनीचा २०५ दुसऱ्या कंपनीच्या २१५ च्या शेजारी ठेवला तर लहान कोणता ते ओळखता येणार नाही. कंपनीच्या तक्त्यात नक्षीची रुंदी, मोजमापाचं रिम आणि एका मैलात होणाऱ्या फेऱ्या असे रकाने असतात. साइजपेक्षा ते रकाने वाचा.

ट्रेडवेअरच्या २०० चंही तसंच. १०० आकड्याच्या प्रमाण टायरपेक्षा दुप्पट टिकेल, असा त्याचा अर्थ. पण हा आकडा कंपनी स्वतःच देते. योकोहामाचा ए०५२ आणि हँकूकचा आरएस४ दोन्ही कागदावर २००. पहिला क्षणात तापतो, थंड सकाळी स्वर्ग, आणि दुपारी दोन ड्रायव्हर असतील तर फेऱ्यांच्या मध्ये त्याच्यावर पाण्याचा फवारा मारत बसावं लागतं. दुसरा तापायला वेळ घेतो, पण दिवसभर ट्रॅकवर पळवा, कुरकुरत नाही. आपल्या पन्नास सेकंदांना पहिल्या जातीचा हवा.

मडगार्डला घासेल का?

घासू शकेल, आणि त्यात बहुधा टायरचा दोष नसतो, ऑफसेटचा असतो. ऑफसेट म्हणजे रिम गाडीला जिथे बसतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिलीमीटर बाहेर आहे ते. ऑफसेट पंधरा मिलीमीटरने कमी म्हणजे चाक पंधरा मिलीमीटर बाहेर, इतका सरळ हिशोब आहे. मी एकदा जुनी रिम घेतली. ४×१०० ची बोल्टरचना जुळली, मधलं भोक जुळलं, रंगही झकास. ऑफसेट विचारला नाही. विकणाऱ्यानेही सांगितला नाही, पण विचारायला मीच हवं होतं. तो होता २० आणि मला ३५ च्या आसपास हवा होता. पहिल्याच जोरदार उजव्या वळणात मागून जळका वास आला. थांबून हात घातला तर डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्याच्या कडेला पेन्सिलीच्या सालींसारख्या रबराच्या कातळ्या लटकत होत्या आणि टायरच्या खांद्यावर सुरीने कापल्यासारखी गोल रेघ. नवाकोरा टायर होता.

रिम विकत घ्यायच्या आधी गाडी जॅकवर घ्या, स्प्रिंग काढून चाक पूर्ण वर दाबा आणि बोटं फिरवा. पुढची चाकं दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. बोट जात नसेल तर टायरही जाणार नाही.

पुढे-मागे वेगवेगळी साइज घालावी का?

हलक्या, समतोल गाडीला नाही. चारही सारखे असले की अदलाबदल करून झीज वाटून घेता येते. कॉर्व्हेटसारख्या ताकदवान गाडीला कंपनीच मागे रुंद देते, पाचव्या पिढीच्या झेड०६ ला पुढे २६५, मागे २९५, आणि ते बरोबर आहे. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत सगळं ओझं पुढच्याच टायरांवर, तिथे मागे थोडं अरुंद किंवा नुसती जास्त हवा घातली की शेपूट फिरायला तयार होते.

हवा किती?

माझ्या गाडीला गरम टायरमध्ये ३० पीएसआयपासून सुरुवात, मग खडू बघून खाली-वर. प्रत्येक फेरीनंतर मोजा, कारण टायर तापला की हवा वाढते. पंपावरच्या मीटरवर विश्वास ठेवू नका, स्वतःचा घ्या.

होझियर वगैरे शर्यतीचे टायर?

तुमच्या गटात चालत असतील तरच. होझियरचा ए७ खास अशा छोट्या फेऱ्यांसाठी आहे, आर७ लांब शर्यतींसाठी. नावं जवळची आहेत, मागवताना चूक होते. निव्वळ स्लिक, म्हणजे अजिबात नक्षी नसलेले, घेतले तर साइज वेगळ्या पद्धतीने लिहिलेली असते, व्यास, रुंदी आणि रिम तिन्ही इंचांत. ते बघून तरी मिलीमीटर-टक्के-इंच लिहिणाऱ्याचा राग यावा.

कुणीतरी वापरलेला संच स्वस्तात देतोय. घेऊ?

तारीख बघा. साइडवॉलवर डॉट या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार अंक असतात. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असूनही अशा टायरांचं रबर तापून-थंड होऊन लाकूड झालेलं असतं. अंगठ्याचं नख दाबा. खूण उमटली नाही तर सोडून द्या.

पाऊस आला तर?

मिशिगनमध्ये तो येतोच. रुंद, कमी नक्षीचा टायर पाण्यावर तरंगतो. तेव्हा अरुंद आणि नक्षी असलेला २०५ घेऊन येणारा माणूस अचानक पहिला येतो आणि पुढचे सहा महिने तेच सांगत फिरतो.

पुण्या-नाशिककडे मातीवर उतरायचं आहे. हेच सगळं लागू होतं का?

आधी गट, मग रिम, मग उपलब्धता हा क्रम तिकडेही तोच. नियम फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाचे बघा. बाकी हिशोब उलटा होतो. मातीत अरुंद टायर वरचा भुसभुशीत थर कापून खालच्या घट्ट जमिनीला पकडतो, रुंद टायर वरच्या वर घसरतो. साइडवॉल उंच हवी, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात रिम वाकतं. त्यामुळे मागच्या पिढीच्या स्विफ्टला १६५/८० आर १४ आणि १८५/६५ आर १५ असे दोन कंपनीचेच पर्याय असतील तर लहान रिमचा मला मातीसाठी जास्त आवडेल. दोघांचा व्यास अवघ्या दोन मिलीमीटरने वेगळा, त्यामुळे गिअर आणि स्पीडोमीटर दोन्ही जागेवर राहतात.

ऑटोक्रॉसचे चिकट टायर रोज वापरले तर?

वापरता येतात, पण वर्षाकाठी एक संच लागेल. आणि आमच्यासारख्या थंडीच्या गावात तर नकोच. शून्याखाली हे रबर इतकं कडक होतं की गाडी हलवली तरी भेगा पडू शकतात. माझे टायर ऑक्टोबरमध्ये निघतात आणि तळघरात जातात, घर तापवणाऱ्या भट्टीपासून लांबच्या कोपऱ्यात, काळ्या पिशव्यांमध्ये बांधून. प्रत्येक पिशवीवर खडूने लिहून ठेवतो: पुढचा डावा, पुढचा उजवा, किती फेऱ्या झाल्या. मियाटाच्या डिकीत चार टायर मावत नाहीत, दोनही मावत नाहीत, त्यामुळे मैदानावर न्यायला मागे एक चिमुकला ट्रेलर लावावा लागतो. तो कुठल्या साइजचे टायर घेतो हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.